सत्तेचाळीस चिठ्ठ्या

४ ऑगस्ट, सोमवार

शेवटी मला गाइड मिळाल्या. वर्गातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींनी फुलपाखरं, मधमाश्या, भुंगे असले देखणे विषय आधीच पटकावले होते. उरले कोळी, आणि उरले मी.

कोळी हे कीटकसुद्धा नव्हेत. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. पण विद्यापीठात दोघांचा विभाग एकच आणि एम.एस्सी.ही एकच. चौदा वर्षं मी पॅथॉलॉजीत रक्ताच्या काचपट्ट्या बघितल्या. मग पेशी मोजणारं यंत्र आलं आणि थेट माझ्या खुर्चीवर बसलं. एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात आले, तर वर्गाने पहिल्याच आठवड्यात बारसं केलं: काकू.

गाइडना सगळा विभाग नुसतं 'बाई' म्हणतो. मार्चअखेर निवृत्त होणार. पस्तीस वर्षं लांडगा-कोळ्यांवर काम केलंय. हे कोळी जाळं विणत नाहीत, जमिनीवर धावून शिकार करतात. बाईंनी मला बस म्हटलं नाही. बोलताना माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या कानामागच्या कपाटाकडे बघत बोलत होत्या.

"आधी काय करायचीस?"

"रक्त तपासायची."

"भिंगात डोळे घालून?"

"चौदा वर्षं, बाई."

"दिसेल ते सांगता येतं का?"

"लिहिता येतं."

"लिहिता सगळ्यांना येतं. सांगता येतं का?"

प्रश्न नीटसा कळला नाही. हो म्हणून मोकळी झाले.

काम असं: विभागाच्या संग्रहात लांडगा-कोळ्यांच्या जवळजवळ चार हजार कुप्या आहेत. प्रत्येक कुपीत अल्कोहोल, त्यात कोळी आणि एक चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, जात कोणती, आणि ओळखला कोणी. बाईंनी या सगळ्यांची मोठी सूची लिहिलीय. ती डिसेंबरअखेर छापायला जाणार. मी कुपी आणि सूची ताडून बघायची. त्यातूनच माझा प्रबंध.

नवरा म्हणाला, "म्हणजे मेलेल्या कोळ्यांची हजेरी." तो लिफ्ट दुरुस्त करतो. वर-खाली जाण्यापलीकडे जगात काही घडतं यावर त्याचा विश्वास नाही.

१२ ऑगस्ट

रोज तोंडी परीक्षा. मी मायक्रोस्कोपला, बाई शेजारी खुर्चीत, हात मांडीवर.

"डोळे किती?"

"आठ."

"ते शेंबडं पोरही सांगेल. मांडणी?"

"खाली चार बारीक, एका ओळीत. वर दोन मोठे. त्यांच्या मागे आणखी दोन."

"मोठ्यांमध्ये अंतर किती? एकाच्या रुंदीएवढं की कमी?"

असं तासभर. पायांवरचे काटे, पाठीवरचा पट्टा, पोटाखालचा रंग. 'तपकिरी' म्हटलं की विचारतात, "कसला तपकिरी? चहाचा की चामड्याचा?" स्वतः एकदाही भिंगात डोकावत नाहीत. माझ्यावर इतका अविश्वास असेल तर घेतलं कशाला?

विभागातले शिपाई मामा मात्र बाईंच्या सतत पुढे-पुढे करतात. दाराशी कोणी आलं की लगेच, "बाई, काकू आल्यात," "बाई, प्रमुखसाहेब आलेत." दरबारातला भालदार जणू. सूचनाफलकावरचे कागदही वाचून दाखवतात. पस्तीस वर्षांत बाईंनी माणसाला चांगलंच वळण लावून ठेवलंय.

२ सप्टेंबर

आज चिमट्यात कोळ्याचा पाय तुटला. तीस वर्षांपूर्वीचा कोळी, आणि पाय माझ्या चिमट्यात. सांगू की नको असं झालं. सांगितलं.

बाई म्हणाल्या, "पाय त्याच कुपीत ठेव. त्याचाच आहे."

बस्स, एवढंच. मी रडायच्या तयारीत होते, ते रडं तसंच गिळावं लागलं.

१९ सप्टेंबर

बाई चष्मा घरी विसरल्या. या महिन्यात चौथ्यांदा. म्हणून छपाईवाल्यांनी पाठवलेली नमुन्याची पानं मीच वाचून दाखवली. ऐंशी पानं, स्वल्पविरामांसकट. घसा बसला. संध्याकाळी चिंगी म्हणाली, "आई, तुझा आवाज बेडकासारखा झालाय." मी म्हटलं, बेडूक वेगळ्या विभागात असतात.

एक मात्र आहे. 'नीट सांगणं' जमायला लागलंय. आज एका कोळ्याच्या पाठीवरच्या खुणेला मी "मध्ये चिरलेल्या सुपारीसारखी" म्हटलं, आणि बाईंनी डोळे मिटून जात सांगितली. मी सूची बघितली. बरोबर.

१७ ऑक्टोबर

विद्यापीठाच्या मैदानामागच्या गवतात सकाळी एक जिवंत मादी सापडली. मागे अंड्यांची पिशवी, मटाराएवढी, राखाडी. या माद्या पिशवी शरीराच्या टोकाला बांधून सगळीकडे घेऊन फिरतात. मोठ्या बरणीत माती-पालापाचोळा घालून तिला ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं.

पुस्तकात वाचलं होतं की पिशवी काढून घेतली तर ती शोधत बसते. परीक्षेत विचारतात म्हणून चिमट्याने हळूच काढली. मादीने बरणीभर फेऱ्या मारायला सुरुवात केली. पालापाचोळ्याचा कण न् कण पायांनी चाचपला. बाईंना मी ते सांगत होते, नेहमीसारखं.

"कशी फिरतेय?"

"आधी गोल, बाई. आता उलटसुलट. थांबते, परत तिथेच जाते."

"किती वेळ झाला?"

"चार मिनिटं."

"दे परत."

"दहा मिनिटांची नोंद करायची होती..."

"अगं, दे परत तिला. कळलं आपल्याला."

पिशवी समोर ठेवली तशी तिने ती पायांनी कवटाळली आणि पुन्हा मागे बांधली. बाईंना सांगितलं. "झालं," त्या म्हणाल्या.

घरी आले तर चिंगी झोपून गेली होती. उगीच तिचं पांघरूण सारखं केलं.

५ नोव्हेंबर

एका कुपीत घोळ आहे. चिठ्ठी बाईंच्या अक्षरातली, दोन वर्षांपूर्वीची. जात लांडगा-कोळ्याची. पण आतल्या मादीचे डोळे तीनऐवजी दोनच ओळींत! हा तर दुसऱ्याच कुळातला कोळी. त्यांच्या माद्या अंड्यांची पिशवी मागे बांधत नाहीत, जबड्यात धरून नेतात. अंगाने दोघी बहिणी वाटतात, पण डोळे बघितले की संपलं. पहिल्या वर्षाचं पोरही चुकणार नाही, तिथे बाई चुकतील?

मीच चुकत असणार. तीनदा बघितलं. दोनच ओळी.

बाईंना आज काही सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर

अकरा झाले. सगळ्या चिठ्ठ्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या. जुन्या कुप्यांत एकही चूक नाही. जुनं अक्षर मोत्यासारखं, नवं जरा मोठं आणि ओळ सोडून चाललेलं. घाईत लिहिल्यासारखं.

माझी झोप उडालीय. अकरा वेळा बाई चुकल्या, की अकरा वेळा मी? यंत्राने मला हुसकावलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "माणसाचा डोळा थकतो हो." ते वाक्य कानातून जात नाही.

१६ नोव्हेंबर

सापडलं! आंघोळ करताना सुचलं. आमच्या पॅथॉलॉजीत वर्षातून दोनदा मुद्दाम फसवे नमुने पाठवायचे. तपासणारा जागा आहे की डुलक्या घेतोय ते कळावं म्हणून. कुठला नमुना फसवा हे आम्हाला सांगत नसत. बाईंनी तेच केलंय! म्हणूनच चुका इतक्या ढोबळ. म्हणूनच त्या भिंगात बघत नाहीत, नुसत्या माझं ऐकून घेतात. आणि मी वेडी, झोप घालवून बसले.

नवरा म्हणाला, "निवृत्तीला आलेल्या बाईला एवढा उपद्व्याप करायला वेळ आहे?" त्याला काय कळतंय.

आता एकही सोडणार नाही.

२९ नोव्हेंबर

सत्तेचाळीस. सुंदर अक्षरात तक्ता केला: कुपीचा क्रमांक, चिठ्ठीवरची जात, खरी जात, कशावरून. आज बाईंच्या टेबलावर ठेवला आणि ऐटीत म्हटलं, "बाई, तुमच्या सगळ्या युक्त्या पकडल्या."

"कसल्या युक्त्या?"

"मला चकवायला मुद्दाम चुकीच्या लावलेल्या चिठ्ठ्या. सत्तेचाळीस आहेत ना? की एखादी सुटली?"

बाईंनी कागदावर हात ठेवला. वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, जणू सुरकुत्या काढतायत.

"सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"वाच."

मी सगळे वाचले. मामा चहा घेऊन आले होते, ते ट्रे घेऊन तसेच दारात उभे राहिले. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "छान काम केलंस. अजून असतील. शोध." आवाज जरा बसल्यासारखा वाटला. थंडी पडायला लागलीय.

कौतुक! बाईंकडून! येताना आईस्क्रीम घेऊन आले. तिघांनी मिळून संपवलं.

८ डिसेंबर

आठवडा झाला, बाई रजेवर. मामांना विचारलं तर म्हणाले, "बरं नाही त्यांना." आणि पाठ फिरवून बाटल्या पुसत बसले. हल्ली माझ्याशी धड बोलत नाहीत. मी काय त्यांचं घोडं मारलंय?

१५ डिसेंबर

हे कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

मधल्या काळात माझ्या मादीची पिशवी उसवली होती. आतली पिल्लं बाहेर येऊन तिच्या पाठीवर चढून बसली होती, शंभराच्या आसपास, एकावर एक. लांबून बघितलं तर मादीला लोकर फुटलीय असं वाटावं. आज बाई परत आल्या. त्यांना दाखवायचं म्हणून मी बरणी टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली, फडकं सैल केलं आणि कॅमेरा आणायला शेजारच्या खोलीत गेले.

परतले तर मादी बरणीबाहेर. कोऱ्या पांढऱ्या कागदावर, ठसठशीत, बाईंच्या हातापासून चार बोटांवर. बाई शांत बसलेल्या, तोंड तिच्याकडेच.

मला वाटलं, बघतायत. मी कुजबुजले, "बाई, किती छान ना?"

"काय?"

"ती. बाहेर आलीय."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. कागदावर तिच्याखेरीज दुसरं काहीच नव्हतं. बाईंनी मान एका बाजूला वळवली, कपाटाकडे, अगदी पहिल्या दिवशी माझ्याशी बोलताना वळवली होती तशी. मग दुसऱ्या बाजूला. आणि हात पुढे केला, चाचपत. बोट मादीला लागलं. ती थबकली, आणि पिल्लं भराभरा उतरून बाईंच्या हातावर पसरली.

"हलू नका," मी म्हटलं.

"नाही हलत. किती आहेत?"

"पुष्कळ. मनगटापर्यंत आलीत. एक... एक अंगठीवर बसलंय."

"रंग?"

"फिकट. दुधाळ चहासारखा. पायांवर अजून पट्टे नाहीत."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि त्या खिडकीकडे बघत होत्या. "लागतायत मला. सगळी लागतायत."

मादी तिथून हलली नाही. हळूहळू पिल्लं परत तिच्या पायांवरून वर चढली. शेवटची सहा-सात मी ब्रशने उचलून दिली. मग मी तिला बरणीत परत ठेवलं, फडकं बांधलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. मामा आले. शेजारी बसले.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

सत्तेचाळीस. आणि मी ऐटीत वाचून दाखवले. एकेक करून. वर आईस्क्रीम खाल्लं.

१६ डिसेंबर

गेले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने एकही विनोद केला नाही, त्यामुळे आणखी रडू आलं.

१९ डिसेंबर

गेले. बाईंच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "खाली काय शोधतेस? काही सांडलं का?" रडता रडता हसू फुटलं.

मग त्यांनीच सांगितलं. डोळ्याच्या मधलं गेलंय, कडा शाबूत आहेत. "तुझा चेहरा मला माहीत नाही. कान माहीत आहेत. डाव्या कानातलं जरा लोंबतं तुझ्या." सुरुवातीला भिंगात थोडं दिसायचं, उरलेलं सवयीने भरून काढत गेल्या. "पस्तीस वर्षांची सवय, गं. ती दिसत नसलेलंही दाखवते. मला वाटायचं, दिसतंय."

"मग मला का घेतलंत, बाई?"

"सांगता येतं म्हणालीस म्हणून."

मी म्हटलं, सत्तेचाळीस चिठ्ठ्या मी गुपचूप बदलते. सूची अजून छापायला गेलेली नाही, त्यातही दुरुस्त करते. कुणाला कळायचं कारण नाही. माझ्या दृष्टीने तो प्रेमाचा मार्ग होता. बाई एकदम ताठ झाल्या.

"कुपीतली चुकीची चिठ्ठी फेकायची नसते. माहीत नाही का तुला?"

"नाही."

"ती आतच ठेवायची. नवी लिहायची आणि तिच्या शेजारी सोडायची. कोणाला काय वाटलं होतं आणि मग कोणी काय ठरवलं, दोन्ही राहिलं पाहिजे. आज माझी लपवलीस तर उद्या तुझी कोण शोधेल?"

"पण लोक म्हणतील..."

"म्हणू देत. माझ्या त्या आधीच्या बत्तीस वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत ना बोलायला? आणि हे बघ, तीन वर्षांतल्या कुप्या तीनशेच्या वर आहेत. तू त्यातल्या निम्म्यासुद्धा बघितल्या नाहीस. म्हणून म्हटलं होतं, शोध."

म्हणजे त्या दिवशी त्या खरंच 'शोध' म्हणाल्या होत्या.

२२ डिसेंबर

विभागाची बैठक. बाईंनी उभं राहून स्वतः सांगितलं: डोळे, चुका, सगळं. सूची दोन महिने थांबवावी, दुरुस्त करून द्यावी. प्रमुखसाहेब म्हणाले, "बाई, एवढं जाहीर करायची गरज नव्हती." बाई म्हणाल्या, "गरज सूचीला आहे, मला नाही." मग दुरुस्त्या कोणी शोधल्या ते सांगताना त्यांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव. वर्गातल्या पोरांना माझं नाव आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

बैठक संपल्यावर सगळे बाईंना वाट करून द्यायला लागले, नको इतकी. एकाने हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला आणि मामांना विचारलं, "चहा कुठाय?"

११ फेब्रुवारी

संपलं. तीनशे बारा कुप्या. चुका शहाऐंशी. रोज सहा-सात तास मी बघत होते, सांगत होते. बाई विचारत होत्या, ठरवत होत्या. सतरा वेळा मी चुकले आणि बाईंनी नुसतं ऐकून पकडलं. "तसा पट्टा असेल तर पायाचे काटे तसे असूच शकत नाहीत. पुन्हा मोज." पुन्हा मोजले की त्यांचंच खरं निघायचं.

एक वाईट गोष्ट. मादी काल मेली. पिल्लं त्याआधीच पांगली होती, त्यांना मी गवतात सोडून आले होते. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पिल्लं पांगेपर्यंत थांबली म्हण." चिंगीने विचारलं की तिला पुरायचं का. मी म्हटलं, नाही, कुपीत. तिला ते अजिबात पटलं नाही.

९ मार्च

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक मोठे तज्ज्ञ, भुंग्यांवरचे. त्यांनी माझा कोळी भिंगाखाली ठेवला आणि म्हणाले, "वर्णन करा." वर्गातले सगळे या प्रश्नाला टरकून असतात. मी सुरू झाले ते वीस मिनिटं थांबलेच नाही. परीक्षक म्हणाले, "मी भिंगात बघायची गरजच ठेवली नाहीत हो तुम्ही." बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

उत्तीर्ण.

३१ मार्च

बाईंचा शेवटचा दिवस. दुपारी हार, भाषणं, शाल. प्रमुखसाहेबांच्या भाषणात 'पोकळी' हा शब्द पाच वेळा आला. चारनंतर सगळे पांगले. मला वाटलं बाई घरी जातील. पण त्या शाल खुर्चीवर टाकून म्हणाल्या, "काही राहिलंय का बघायचं?"

एक कुपी होती. परवाच एका विद्यार्थिनीने आणून दिलेली, ओढ्याकाठच्या दगडाखालची. एक मादी. मी लावली आणि सांगायला लागले. डोळे, पट्टा, काटे, पोट. बाई नेहमीसारख्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. माझं सांगून झालं. नाव आलं नाही.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. मागच्या डोळ्यांमधलं अंतर मोजून सांगितलं. पोटाखालची खूण चारदा सांगितली. बाईंनी सहा जातींची नावं घेतली आणि एकेक करून स्वतःच खोडली.

"मला जमत नाहीये का नीट सांगायला?"

"उत्तम सांगितलंस. मला समोर दिसतेय ती." आणि मग म्हणाल्या, "मला नाही माहीत ही."

"तुम्हाला?"

"नाही गं. मला खरंच माहीत नाही." मी त्यांना इतकं खुश कधी बघितलं नव्हतं. दुपारच्या हारातुऱ्यांत तर नाहीच नाही.

"मग चिठ्ठीवर काय लिहू?"

"जागा, तारीख, कुणाला सापडली. जात: माहीत नाही. आणि खाली 'तपासली' म्हणून तुझं नाव."

"तुमचं?"

"माझं कशाला? मी उद्यापासून इथे नाही. पुढे कुणाला ही कुपी सापडली तर कुणाला विचारायचं ते कळायला नको?"

चिठ्ठी केवढी, तर नखाएवढी. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. काही केल्या बसेना. बाईंना विचारलं, सासरचं लावू की माहेरचं? "जे छोटं असेल ते," त्या म्हणाल्या. माहेरचं छोटं होतं. नवरा काय म्हणेल ते बघू.

पहिल्या दोन वेळा शाई फुटली. तिसऱ्यांदा नीट आलं. शाई वाळल्याशिवाय अल्कोहोलमध्ये सोडता येत नाही, म्हणून चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"वाळली का?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही."

"असू दे. बसू आपण," बाई म्हणाल्या, आणि मामांना तिघांचा चहा आणायला सांगितला.